‘मूर्ती लहान, कीर्ती महान’ हे हेडिंग देऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पान पाहिलं. मांडणी नेटकी आहे. हेडिंगबद्दल तू मुद्दाम विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो. पान छपाईला सुटायच्या घाईत ‘मूर्ती लहान, कीर्ती महान’ पटकन सुचतं आणि तीन कॉलमांत बरोबर बसतं, पण त्यात बातमीच नसते. तुझ्या बातमीतल्या कमी उंचीच्या शिक्षिकेने वर्गातला फळा खाली बसवून घेतला आणि पहिलीची पोरं स्वतः उठून फळ्यावर लिहायला लागली. इतकी चांगली गोष्ट तुझ्या बातमीत सातव्या परिच्छेदात गेली आहे आणि हेडिंगमध्ये फक्त बाईंची उंची आहे.

पॅरिस पॅरालिम्पिक आठव. सप्टेंबर 2024 मध्ये पानिपतच्या नवदीप सिंगने एफ 41 गटात 47.32 मीटर भाला फेकला. आधी त्याच्या वाट्याला रौप्य आलं होतं. पहिला आलेला इराणी खेळाडू अपात्र ठरला आणि नवदीपला सुवर्ण मिळालं. अशा बातमीला ‘उंचीवर मात’ म्हणायचा मोह होतोच. पण एफ 41 हा गटच कमी उंचीच्या खेळाडूंचा आहे. समोरचे सगळे त्याच्यासारखेच होते, मग त्याने उंचीवर मात केली म्हणजे काय केलं? त्याने हरवलं ते जगातल्या उत्तम भालाफेकपटूंना. निकाल का फिरला, हे वाचकाला हवं असतं.

याहून मोठी दिशाभूल ‘तरीही’ने होते. गुजरातचे डॉ. गणेश बरैया यांची उंची सुमारे तीन फूट. ‘नीट’ उत्तीर्ण होऊनही 2018 मध्ये त्यांना एमबीबीएसचा प्रवेश नाकारला गेला. कारण दिलं उंचीचं: म्हणे, तातडीचे रुग्ण हाताळता येणार नाहीत. ते उच्च न्यायालयात हरले, सर्वोच्च न्यायालयात जिंकले आणि 2019 मध्ये भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. आता ‘तीन फूट उंची, तरीही झाले डॉक्टर’ हे वाचून बघ. अडचण सगळी त्यांच्या शरीरात होती, असंच वाटतं ना? वाट अडवली होती ती प्रवेश नाकारणाऱ्यांनी, आणि त्यांचा हेडिंगमध्ये पत्ताच नाही. बातमी लिहिताना स्वतःला विचारत जा, कोणी अडवलं? उत्तर सापडलं की तेच हेडिंगमध्ये घे.

‘ठेंगू’, ‘बुटका’, ‘खुजा’ हे शब्द बातमीत नकोत. शाळेच्या वाटेवर पोरं याच शब्दांनी हाका मारतात, आणि आपण ते छापले की त्या हाकांना मान्यता मिळते. अग्रलेखात ‘खुजं नेतृत्व’ लिहितात, तेही मला खटकतं. ‘वामन अवतार’ही नको; कौतुक म्हणून लिहिलं तरी माणूस बाजूला राहतो आणि नवल तेवढं उरतं. ‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ तर लिहूच नकोस. हाडांच्या वाढीतल्या फरकामुळे उंची खूप कमी राहते, त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे अकॉन्ड्रोप्लेशिया. एफजीएफआर 3 या जनुकातल्या बदलाने ते होतं, आणि पाचातली सुमारे चार मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईबापांच्या पोटी जन्मतात. ‘घराण्याचा दोष’ असं कुणी सांगितलं, तर ते छापू नकोस.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी कमी उंची अपंगत्व म्हणून नोंदलेली आहे. त्यासाठी प्रौढपणी उंची 147 सेंटीमीटर किंवा त्याहून कमी असावी लागते. प्रमाणपत्र, आरक्षण, बसची पायरी, एटीएमची उंची अशा बातम्यांत उंची लिहावीच लागते, तेव्हा बिनदिक्कत आकड्यात लिही. एरवी नाव आणि काम पुरतं. उल्लेख करायचाच असेल तर ‘कमी उंचीच्या’ म्हण, पण आधी त्या व्यक्तीला फोन करून विचार, तुमच्याबद्दल कसं लिहू? काहींना वैद्यकीय नाव चालतं, काहींना अजिबात नाही.

फोटोबद्दलही सांगतो. कमी उंचीच्या माणसाशेजारी सहा फुटी साहेब उभा करून काढलेला फोटो लावू नकोस. छायाचित्रकाराला गुडघ्यावर बसून, डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा धरायला सांग. बाईंचा फोटो वर्गातला घे, पोरांबरोबर, फळ्यापाशी. दुसऱ्या आवृत्तीचं पान अजून सुटलेलं नसेल, तर आत्ताच बदल.

तुझा,
डेस्कवरचा जुना सहकारी