नोड माझा, पण बिल बाबांच्या नावावर

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. जुन्या लॅपटॉपवर टॉरचा (ओळख लपवून नेट वापरायचं जाळं) नोड टाकलाय, म्हणजे लोकांचं ट्रॅफिक माझ्या मशीनवरून पुढे जातं, दोन महिने रात्रंदिवस चालू आहे. परवा मित्र म्हणाला, तुझ्या आयपीवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) कोणी काही घाण केली तर पोलीस तुझ्याच घरी येणार. नेटचं कनेक्शन बाबांच्या नावावर आहे. खरंच काही होऊ शकतं का?

उत्तर : अरे, आधी टॉरआरसी ही टॉरच्या सेटिंगची फाइल उघड आणि एक्झिटरिलेपुढे 0 आहे का ते बघ, निम्मं उत्तर तिथेच आहे. 0 असेल तर तू साखळीतला मधला नोड, म्हणजे तुझ्याकडे येतं तेही एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) आणि पुढे जातं तेही, कुठल्या साइटच्या लॉगमध्ये तुझा आयपी त्या ट्रॅफिकसाठी दिसतच नाही. फार तर काय, नोडची यादी जाहीर असते म्हणून एखादी साइट तुला ब्लॉक करेल आणि बाबा राउटरला शिव्या घालतील.

एक्झिट, म्हणजे ट्रॅफिक जिथून शेवटी साइटकडे बाहेर पडतं तो नोड असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. कोणी धमकीचा मेल टाकला की समोर दिसतो तुझा आयपी, पोलीस नेट कंपनीला विचारतात, कंपनी बिलावरचं नाव देते. टॉर चालवणं गुन्हा असं सांगणारं कलम आपल्याकडे नाही, आणि आयटी ॲक्टच्या 79 कलमात मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्याचा डेटा नुसता पुढे नेणाऱ्याला, संरक्षणही आहे, पण ते वकील नंतर मांडणार, लॅपटॉप तोवर जप्त झालेला असणार. ऑस्ट्रियात 2014 साली ग्राझच्या कोर्टाने एक्झिट चालवणाऱ्या एका तरुणाला दोषी धरलं, आणि त्यात त्याची चॅटमधली बडबडच त्याला भोवली. तेव्हा कट्ट्यावर 'माझ्या नोडवरून काहीही करा' असलं शहाणपण नको.

एक्झिटची हौस असेलच तर घरून नको, भाड्याचा सर्व्हर घे, फक्त भारतातल्या सर्व्हर कंपन्यांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशाने ग्राहकाचं नाव-पत्ता 5 वर्षं ठेवावा लागतो हे धरून चाल. नोटीस आलीच तर घाबरून डिस्क पुसू नकोस, पुरावा नष्ट केला म्हणून भलतंच अंगावर येईल. टॉरवाल्यांचं एक्झोनरेटर नावाचं पान आहे, तारीख आणि आयपी टाकला की त्या दिवशी तिथे नोड होता का ते सांगतं, त्याची प्रिंट वकिलाला दे.

आणि बाबांना आजच सांग रे. बेल वाजेल तेव्हा तू कॉलेजात असशील, दार तेच उघडणार.