एसेम संसोपाचे, नानासाहेब प्रजासमाजवादी: या फुटी वाचायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एस. एम. जोशी (एसेम) आणि नानासाहेब गोरे दोघेही समाजवादी, दोघेही पुण्याचे खासदार. मग निकालाच्या तक्त्यात एकापुढे संयुक्त समाजवादी (संसोपा) आणि दुसऱ्यापुढे प्रजासमाजवादी का? हे पक्ष युरोपातल्या सोशल डेमोक्रॅटांसारखे होते का? आणि सारखे फुटत का होते?

शेवटच्या प्रश्नाला बरेच जण ‘नेत्यांचे अहंकार’ एवढंच उत्तर देऊन टाकतात. अहंकार होतेच, ते नसलेला पक्ष कुणी दाखवावा. पण फुटींच्या तारखा एकाखाली एक लिहून काढा. जमीन, कारखाने, नियोजन यांवरून पक्ष मोडला असं जवळपास कधीच झालं नाही. वाद बहुतेक वेळा एकच: काँग्रेसचं काय करायचं? आत राहून तिला डावीकडे ओढायचं, बाहेरून मदत करायची, फटकून राहायचं, की मिळेल त्याला बरोबर घेऊन तिला पाडायचं?

पहिला टप्पा ‘आत राहून’चा. १९३२-३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, एसेम, गोरे ही मंडळी एकत्र होती. तिथल्या चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. पाटण्याच्या बैठकीचे अध्यक्ष आचार्य नरेंद्र देव, सरचिटणीस जयप्रकाश. सभासद व्हायचं तर आधी काँग्रेसचं सभासद असावं लागे, म्हणजे हा पक्षातला पक्ष होता. १९४७ मध्ये कानपूरला नावातला ‘काँग्रेस’ शब्द गेला. १९४८ च्या सुरुवातीला काँग्रेसने घटना बदलून पक्षांतर्गत पक्षांना बंदी केली आणि मार्चमध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवादी बाहेर पडले. त्याच वर्षी हिंद मजदूर सभा निघाली.

पुढचं सगळं समजायचं तर १९५१-५२ चं गणित नीट बघावं लागतं. समाजवादी पक्षाने लोकसभेच्या २५४ जागा लढवल्या, मतं मिळाली साधारण साडेदहा टक्के, जागा १२. कम्युनिस्टांनी ४९ जागा लढवल्या, मतं सव्वातीन टक्के, जागा १६. मतं तिपटीहून जास्त आणि जागा कमी, हे घडलं ते मतं देशभर पातळ पसरल्यामुळे. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून, या पद्धतीत मतदारसंघात तिसरा येण्याला काही किंमत नसते. कम्युनिस्टांनी आपले पट्टे निवडले होते, समाजवाद्यांनी आपण देशाचा दुसरा पक्ष आहोत असं धरून जागा लढवल्या. आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला पावणेसहा टक्के आणि ९ जागा मिळाल्या होत्या. दोघांची बेरीज करावी असं वाटणं साहजिक होतं. सप्टेंबर १९५२ मध्ये विलीनीकरण होऊन प्रजासमाजवादी पक्ष झाला. झोपडी ही निशाणी कृपलानींच्या पक्षाकडून आली. पण बेरीज झाली ती आकड्यांची. एका बाजूला मार्क्स वाचून तयार झालेले कार्यकर्ते, दुसऱ्या बाजूला काँग्रेसमधून नाराज होऊन आलेले गांधीवादी; आणि या मुद्द्यावर विलीनीकरणाआधी पुरेशी चर्चाही झाली नव्हती.

याच वर्षातली एक पुण्यातली घटना फारशी कुणी सांगत नाही. टपाल कर्मचाऱ्यांच्या संपकाळातल्या पगाराबाबत आपण मंत्र्यांकडून लेखी हमी घेतली नाही, या चुकीचं प्रायश्चित्त म्हणून जयप्रकाशांनी जून १९५२ मध्ये पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात २१ दिवसांचा उपवास केला. त्यानंतर त्यांनी भौतिकवाद सोडल्याचं लिहून जाहीर केलं. माणसाने चांगलं का वागावं याचं उत्तर भौतिकवादात सापडत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. दोन वर्षांत, १९५४ ला, ते बोधगयेत भूदानाला जीवनदान देऊन पक्षीय राजकारणातून बाजूला झाले. म्हणजे पक्ष स्थापन होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच त्याचा सर्वांत लोकप्रिय नेता गेला.

मधल्या काळात, १९५३ मध्ये, नेहरूंनी जयप्रकाशांशी सहकार्याची बोलणी केली. जयप्रकाशांनी १४ कलमी कार्यक्रम पाठवला: बँका, विमा, खाणी सरकारच्या ताब्यात, जमिनीचं फेरवाटप, प्रशासनात सुधारणा. नेहरूंनी तो अट म्हणून मान्य केला नाही, बोलणी फिसकटली. पुढे आयुर्विमा १९५६ ला आणि मोठ्या बँका १९६९ ला राष्ट्रीयीकृत झाल्याच, आणि श्रेय काँग्रेसला मिळालं. जानेवारी १९५५ मध्ये मद्रासजवळच्या आवडी इथल्या अधिवेशनात काँग्रेसने ‘समाजवादी धर्तीची समाजरचना’ असा ठराव केला. समोरच्याने आपलाच जाहीरनामा वाचायला सुरुवात केल्यावर विरोधी पक्षाने उभं कशावर राहायचं?

अशोक मेहतांनी बेतूलच्या अधिवेशनात (१९५३) याचं उत्तर दिलं होतं. मागास अर्थव्यवस्थेच्या काही राजकीय अपरिहार्यता असतात, विकासाच्या कामात सहकार्याची क्षेत्रं शोधा. डॉ. लोहियांचं उत्तर याच्या नेमकं उलट होतं: काँग्रेस आणि कम्युनिस्ट दोघांपासून सारखंच अंतर. ठिणगी पडली त्रावणकोर-कोचीनमध्ये. तिथे अवघे १९ आमदार असताना पट्टम थाणू पिळ्ळै काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. ऑगस्ट १९५४ मध्ये तमिळ भाषक आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस आणि नैनीच्या तुरुंगात. त्यांनी तिथून तार करून स्वतःच्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. पक्ष पिळ्ळैंच्या बाजूने उभा राहिला. आवडीच्या ठरावावरून जाहीर टीका केल्याबद्दल मधू लिमये निलंबित झाले, लोहियांची हकालपट्टी झाली आणि १९५५ संपता संपता हैदराबादला लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष निघाला. लिमये जन्माने पुण्याचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. ते लोहियांबरोबर गेले. एसेम आणि गोरे प्रजासमाजवादी पक्षातच राहिले.

पुण्यात मात्र याच दिवसांत चित्र वेगळं दिसतं. मे १९५५ मध्ये गोरे आणि सेनापती बापट गोव्यात सत्याग्रहाची तुकडी घेऊन गेले. पाठोपाठ जुलैत लिमये गेले, ते पोर्तुगीजांच्या तुरुंगात १९ महिने होते. ६ फेब्रुवारी १९५६ ला टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, एसेम तिचे सरचिटणीस. समितीत कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन (पुढचा रिपब्लिकन पक्ष), प्रजासमाजवादी सगळे. दिल्लीत ज्यांच्याशी सहकार्याची क्षेत्रं शोधायची त्या काँग्रेसविरुद्ध इथे सगळ्यांनी मिळून लढायचं, आणि तेही कम्युनिस्टांसोबत. तुरुंगातून सुटून आलेले गोरे १९५७ ला पुण्यातून लोकसभेवर गेले. एकजूट केली की काँग्रेस पडते, हा धडा महाराष्ट्रातल्या समाजवाद्यांना लोहियांच्या सिद्धांताआधीच मिळाला होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर समितीचं सूत्र सुटलं. १९६२ ला पुण्याची जागा काँग्रेसने परत घेतली आणि जिंकले कोण, तर शेकापच्या संस्थापकांपैकी शंकरराव मोरे!

१९६२ ला प्रजासमाजवादी पक्ष १९ जागांवरून १२ वर आला, मतं दहावरून सातच्या खाली. लोहियांच्या पक्षाला ६ जागा. १९६३ मध्ये अशोक मेहतांनी नियोजन मंडळाचं उपाध्यक्षपद घेतलं, त्यावरून त्यांना काढलं आणि ते काँग्रेसमध्ये गेले. सहकार्यवादी टोक गळाल्यावर एकत्र येणं सोपं झालं. जून १९६४ मध्ये दोन्ही पक्ष मिळून संयुक्त समाजवादी पक्ष झाला, अध्यक्ष एसेम. जानेवारी १९६५ च्या वाराणसी अधिवेशनात पुन्हा फूट. मुद्दा होता लोहियांचा बिगरकाँग्रेसवाद: जनसंघापासून कम्युनिस्टांपर्यंत सगळ्यांशी जागावाटप करून काँग्रेसची मक्तेदारी आधी मोडायची. गोरे आणि राजापूरचे नाथ पै यांना हे पटणारं नव्हतं. त्यांनी झोपडी, म्हणजे प्रजासमाजवादी पक्ष, परत उभी केली. एसेम एकीच्या बाजूने, म्हणून संसोपात राहिले. १९६७ ला पुण्याचे खासदार एसेम (संसोपा, वडाचं झाड) आणि पुण्याचे महापौर नानासाहेब (प्रजासमाजवादी, झोपडी). पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आता धोरणं. समान भाग मोठा होता: कुळाला जमीन, धारणेवर कमाल मर्यादा, मूलभूत उद्योग सार्वजनिक मालकीचे, स्वतंत्र कामगार संघटना, निवडणुकीच्या मार्गानेच सत्ता, आणि शीतयुद्धात दोन्ही गटांपासून अंतर. संसोपाने लोहियांमुळे त्यात जे घातलं ते जास्त लक्षात राहण्यासारखं आहे. गाव, जिल्हा, प्रांत, केंद्र असं चौखांबी राज्य. किमान आणि कमाल उत्पन्नात एकास दहापेक्षा जास्त फरक नको. सरकारी कामकाजातून इंग्रजी हटवा. लहान यंत्रांवर भर. आणि मागासांना शंभरात साठ. या साठमध्ये ओबीसी, दलित, आदिवासी तर होतेच, शिवाय सर्व जातींच्या स्त्रिया आणि अल्पसंख्याकांतल्या मागास जातीही होत्या. स्त्रियांचा हा भाग आजकाल घोषणा उद्धृत करणारे हमखास गाळतात. १९६३ मध्ये लोकसभेत लोहियांनी २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात असं मांडलं, सरकार पंधरा आणे म्हणत होतं. दारिद्र्य मोजायचं कसं हा वाद संसदेत आणण्याचं काम त्या एका भाषणाने केलं. प्रजासमाजवादी पक्षाची भाषा यापेक्षा संयत, नियोजनाची आणि वर्गाची. जातीचा प्रश्न त्यांनी दुय्यम धरला, आणि उत्तर भारतात त्याची किंमत मोजली.

सोशल डेमोक्रॅट म्हणावं का? साध्याबद्दल म्हणाल तर हो: संसदीय मार्ग, कम्युनिस्टांच्या एकपक्षीय राजवटीला ठाम विरोध, मिश्र अर्थव्यवस्था. जर्मन सोशल डेमोक्रॅटांनी १९५९ ला गोडेसबर्गच्या अधिवेशनात मार्क्स बाजूला ठेवला, आपल्याकडे जयप्रकाश सात वर्षं आधीच तिथे पोचले होते, फक्त वाट गांधींची. पण पाया वेगळा. युरोपात मोठ्या कामगार संघटना, त्यांची वर्गणी, त्यांची एकगठ्ठा मतं, आणि कल्याणकारी खर्चाला पुरेल एवढा कर गोळा होणारी अर्थव्यवस्था. इथे संघटित कामगार मूठभर, ते चार संघटनांत वाटलेले, आणि बहुसंख्य गरीब शेतमजूर किंवा अल्पभूधारक. १९४९ मध्ये पाटण्याला पक्षाने निवडक कार्यकर्त्यांचा पक्ष सोडून खुली सभासदनोंदणी स्वीकारली, ब्रिटिश मजूर पक्षासारखी. साचा आला, आत भरायला तसा कामगारवर्ग नव्हता. म्हणून माझ्या मते ‘लोकशाही समाजवादी’ हेच वर्णन जास्त नेमकं.

आकडे काढताना तीन ठिकाणी लोक हटकून फसतात. ‘समाजवादी पक्ष’ हे नाव चार वेगळ्या पक्षांचं आहे: १९४८-५२ चा मूळ, १९५५-६४ चा लोहियांचा, १९७१-७७ चा पुन्हा एकत्र आलेला आणि १९९२ चा मुलायमसिंहांचा. निवडणूक आयोगाच्या अहवालात सुरुवातीला संक्षेपांचं पान असतं, ते आधी बघा. दुसरं, टक्केवारी देशभरच्या मतांवर असते. १९५७ ला प्रजासमाजवादी पक्षाने १८९ जागाच लढवल्या होत्या, तेव्हा ते दहा टक्के १९५२ च्या साडेदहांशी सरळ तोलू नका. तिसरं, १९६७ साठी दोन्ही ओळी मिळवा: संसोपा २३ अधिक प्रजासमाजवादी १३, म्हणजे ३६ जागा, मतं आठ टक्क्यांच्या आसपास. नुसती एक ओळ घेऊन ‘समाजवादी तेव्हा संपलेच होते’ असं लिहिलेलं अनेकदा दिसतं. खरी घसरण १९७१ ची: ३ आणि २. पुण्यातही तेव्हा काँग्रेसचे मोहन धारिया आले.

त्यानंतरचं पटकन. ऑगस्ट १९७१ ला दोघे एक झाले, वर्ष-दीड वर्षात राजनारायण वेगळे झाले, १९७४ चा रेल्वे संप जॉर्ज फर्नांडिसांनी लढवला, मे १९७७ मध्ये पक्ष जनता पक्षात विसर्जित झाला. १९७९ चा दुहेरी सदस्यत्वाचा वाद (जनता पक्षातल्या जुन्या जनसंघीयांनी रा. स्व. संघाचं सदस्यत्वही ठेवावं का) याच गोष्टीचं पुढचं पान आहे: काँग्रेसला पाडायला ज्यांना बरोबर घेतलं त्यांच्याशी, काँग्रेस पडल्यावर, कसं वागायचं?

पुण्यात असाल तर ‘साधना’ साप्ताहिकाचे जून १९६४ ते मार्च १९६५ चे अंक सलग काढा. कोण कधी कुठल्या पक्षात होतं ते सालावरून ठरवू नका, महिन्यावरून ठरवा; त्या दहा महिन्यांत एकाच माणसाचा पक्ष दोनदा बदललेला सापडेल, आणि माणूस मात्र जागचा हललेला नसेल.