जोडीला वर्षाची मुदत कसली घालता?

तुमचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मित्राबरोबर विनोदी स्किट करतो. तुम्ही त्याला बजावलंत, 'वर्षभरात नाव झालं नाही तर मित्राचा नाद सोड, बँकेच्या परीक्षांना बस.' वर दाखला दिलात, 'जाड्या-रड्या पहिल्याच सिनेमात गाजले.'

त्याच्या परीक्षेतल्या ५४ टक्क्यांपेक्षा मला तुमच्या मुदतीची काळजी वाटते. डोक्यावर तारीख असली की मुलं हमखास हशा मिळवणारे तेच ते विनोद करत राहतात. नवं काही करून बघायला धजत नाहीत.

दाखला तर साफ चुकीचा आहे. रड्या, म्हणजे स्टॅन लॉरेल, १९०६ मध्ये, सोळाव्या वर्षी, ग्लासगोच्या रंगमंचावर उभा राहिला. पुढे फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीत तो चॅप्लिनचा बदली नट होता. जाड्या, म्हणजे ऑलिव्हर हार्डी, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मिलेजव्हिलच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा. १९१४ पासून पडद्यावर आला, तोही बऱ्याचदा खलनायक म्हणून. १९२१ च्या 'द लकी डॉग'मध्ये दोघं एकत्र दिसले, पण त्यातून जोडी जमली नाही. नंतर निर्माता हॅल रोचच्या स्टुडिओत लॉरेल लेखन-दिग्दर्शनात रमला होता. १९२६ मध्ये स्वयंपाक करताना हार्डीचा हात भाजला आणि त्याच्या जागी लॉरेलला पुन्हा कॅमेऱ्यासमोर यावं लागलं. तिथल्या लिओ मॅकॅरी या दिग्दर्शकानं दोघांमधली गंमत हेरली आणि १९२७ मध्ये जोडी ठरली, तेव्हा लॉरेल ३७ चा होता, हार्डी ३५ चा. आणि तुम्ही विशीतल्या पोरांना वर्ष देताय!

एनएसडी (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय), एफटीआयआयचा (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा) अभिनय अभ्यासक्रम, बँकेची परीक्षा, सगळीकडे आधी पदवी लागते. म्हणजे आज भांडणाचं कारणच नाही.

मुलानं मात्र काम वाढवावं. चार मिनिटांचं स्किट मोबाइल स्टँडवर लावून, दोघं डोक्यापासून पायापर्यंत दिसतील असं शूट करावं. मग आवाज बंद करून बघावं. एकाची फजिती होताना दुसरा नुसता आपल्या वाक्याची वाट बघत उभा असेल, तर तिथे स्किट पडतं. हार्डी अशा वेळी सरळ कॅमेऱ्याकडे बघायचा आणि त्या नजरेवर हशा यायचा. त्यांचे सिनेमे आधी साध्या प्रेक्षकांना दाखवून, हशा कुठे येतो ते बघून पुन्हा कापले जायचे. मुलानंही दर प्रयोगाचा हशा संहितेवर पेन्सिलीनं टिपावा.

आणि त्याला विचारा, दोघांपैकी लिहितं कोण? 'कोणीच नाही, बसवताना सुचतं' असं उत्तर आलं, तर आधी दोघांनी लिहायला शिकावं; अभिनयाच्या एखाद्या कार्यशाळेचे पैसे आत्ता भरू नका.