आधी ते कुलूप काढा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. अकरावीत ७१ टक्के. डोंगरउतारावरून खाली सुटणाऱ्या शर्यतीच्या सायकलींचं त्याला वेड लागलंय. सस्पेन्शन कसं हवं, फ्रेम कशी हवी, यावर रात्री अकरापर्यंत मित्रांशी फोनवर वाद घालतो. नागपुरात डोंगर तरी कुठे आहे? मी स्वतः मेकॅनिकल डिप्लोमा करून हिंगणा एमआयडीसीत सतरा वर्षं काढली. कंपनी बंद पडली, शेवटचे पाच पगार बुडाले. त्यानं कॉम्प्युटरच घ्यावं. सीईटी होईपर्यंत त्याची सायकल गच्चीवरच्या खोलीत कुलूप लावून ठेवली आहे. तो वेळ कशात घालवतो हे कळावं म्हणून त्याचा एक कागद सोबत जोडतो.
— एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नमस्कार. मार्कांवर आज बोलत नाही, ७१ टक्क्यांनी कुणाचं काही अडत नाही. मला काळजी वाटली ती कुलपाची.

पाच पगार बुडाल्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. ती ओळ मी तीनदा वाचली. महिना संपतो, घरी किराणा भरायचा असतो आणि हातात काही नसतं, हे ज्यानं भोगलंय त्याची भीती खोटी नसते. पण ही गोष्ट तुम्ही मुलाला कधी सांगितलीत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. भीतीचं कारण त्याला माहीत नाही, कुलूप मात्र रोज दिसतं. सतरा वर्षांच्या मुलाला त्यातून एकच कळतं, की बाबांना माझी आवड सहन होत नाही.

आता तो कागद. फिजिक्सच्या चाचणीची पाठकोरी बाजू आहे. त्यावर पेन्सिलीनं काढलेली फ्रेम, मागच्या चाकाचा सांधा, म्हणजे पिव्हट, बराच वर घेतलेला. शेजारी लिहिलंय, ‘हाय पिव्हट बेस्ट.’ कल्पना बरोबर आहे. पिव्हट उंच असला की दगडावर आदळताना मागचं चाक वर जाता जाता थोडं मागेही सरकतं आणि धक्का कमी बसतो. पण ‘बेस्ट’ त्यानं नंतर खोडलंय आणि खाली लिहिलंय, ‘मग चेन ताणली जाईल, पेडल मागे खेचेल. आयडलर?’ आयडलर म्हणजे पिव्हटजवळ बसवलेलं छोटं दातेरी चाक. चेन त्यावरून फिरवली की ताण कमी होतो, पण वजन आणि घर्षण वाढतं. मोठमोठ्या कंपन्यांचे डिझायनर नेमका याच देवाणघेवाणीवर भांडतात.

समासात आणखी एक नोंद आहे. २०१५ साली ऑस्ट्रियात लिओगांगच्या डाउनहिल, म्हणजे डोंगरउताराच्या सायकल शर्यतीच्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकन सायकलपटू अॅरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली, तरी तो शर्यत जिंकला. चेन नसली की सस्पेन्शन मोकळं चालतं, याचा हा पुरावा, असं मित्राचं म्हणणं दिसतंय. तुमच्या मुलानं पुढे लिहिलंय, ‘एका रेसवरून सिद्ध होत नाही.’ अहो, स्वतःचं वाक्य खोडणारा आणि सोयीचा पुरावा नाकारणारा मुलगा वेळ वाया घालवत नाहीये.

‘सायकलमध्ये काय करिअर’ हा तुमचा समज मात्र मला मोडायचाय. स्प्रिंग, तिची उसळी आवरणारा डॅम्पर आणि त्यावरचं वजन यांचं गणित सायकलला एक आणि मोटरसायकलला दुसरं असं नसतं. ट्रॅक्टरच्या सीटखालीही तेच असतं. पुण्याची गॅब्रिएल, छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स या कंपन्या शॉक अॅब्सॉर्बर बनवतात. हेही स्पष्ट सांगते, की ज्यात चाक दोनशे मिलिमीटर वर-खाली होतं अशा डाउनहिल फ्रेमचं काम आपल्याकडे जवळपास नाही. त्याची पहिली नोकरी बहुधा दुचाकीच्या सस्पेन्शनमध्ये असेल आणि हे त्याला आजच ठाऊक असावं. कॉम्प्युटरला गेलं की पगार बुडत नाहीत, असंही नाही.

प्रवेशाचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत : जेईई मेनमधून व्हीएनआयटी, सीईटीतून बाकीची कॉलेजं, डिझाइनकडे कल असेल तर आयआयटीतल्या डिझाइनसाठीची यूसीड किंवा एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा.

शाखेचा निर्णय महिनाभर बाजूला ठेवा. त्याला एक काम द्या. पुठ्ठ्याचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा हात, पिव्हटला ड्रॉइंग पिन, चेनऐवजी पेडलच्या जागेपासून चाकाच्या मध्यापर्यंत दोरा. चाक दर सेंटिमीटर वर उचलून दोरा किती लांबतो ते मोजायचं आणि आलेख काढायचा. सांधा खाली-वर करून तीन आलेख. ते महिनाभरात झाले नाहीत, तर त्याला फक्त बोलायला आवडतं असं समजा आणि मला पुन्हा लिहा.

शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. त्याच्या चित्रात शॉक अॅब्सॉर्बरचं ब्रॅकेट सीटखालच्या नळीला इतकं चिकटून आहे की वेल्डिंगची टॉर्च आत जाणारच नाही. अॅल्युमिनियम वेल्डजवळ मऊ पडतं, म्हणून ६०६१ या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची फ्रेम वेल्ड केल्यावर हीट ट्रीटमेंट करावी लागते, याचाही कागदावर पत्ता नाही. त्याच्या मित्रांपैकी कुणालाही हे सुचणार नाही, तुम्हाला सुचेल. वाद घालायला घरात इतका जाणता माणूस असताना तो फोनवर का भांडतोय? रविवारी कुलूप काढा, सायकल दोघांनी मिळून खाली आणा आणि कागद समोर ठेवून त्याला विचारा, ‘इथं टॉर्च कशी घालशील?’