माशाच्या कल्ल्यात जळू दिसली, एवढ्याने मासा मरतो का?

एखाद-दुसऱ्या जळूने मोठा मासा सहसा मरत नाही, पण कल्ल्यातली जळू अंगावरच्यापेक्षा वाईट. कल्ल्याची पातळ पानं म्हणजे माशाचं फुप्फुसच. जळू दोन्ही टोकांच्या चूषकांनी तिथे चिकटते, रक्त पिते आणि सुटली तरी जखम काही वेळ वाहत राहते. मग पानं सुजतात, चिकट स्राव साचतो, लालभडक कल्ला फिका पडतो. मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. शिवाय जखमेत बुरशी शिरते, आणि काही जळवा रक्तात ट्रिपॅनोसोमा हे परजीवीही सोडतात.

चिमट्याने ओढू नका, पानं फाटतील. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. मासा कलंडला की लगेच बाहेर. दगडांवर, पाणवनस्पतींवर चिकटलेले जळूच्या अंड्यांचे कोश मात्र मिठाला दाद देत नाहीत, तेही काढा.