रतनगड ते हरिश्चंद्रगड, डिसेंबरात : वाचकांच्या शंकांना उत्तरे

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे पाच मित्र, पंचविशी ते चाळिशीतले. आजवर एक-दोन दिवसांचे बरेच गड केले आहेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांची मोठी वाट करायची आहे. पहिल्या दिवशी रतनवाडीहून रतनगडावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई आणि थेट हरिश्चंद्रगड, तिसऱ्या दिवशी नळीच्या वाटेने बेलपाड्याला उतरणे, असा बेत आहे. प्रत्येकाच्या पाठीवर साधारण 15 किलोची सॅक असेल. यात काही उणे असल्यास सांगावे.

उत्तर : वाटेची निवड उत्तम आहे, तिसरा दिवस मात्र बदलावा, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. नळीची वाट म्हणजे कोकणकड्याच्या बगलेतून बेलपाड्याकडे उतरणारी दगडगोट्यांची अरुंद घळ. तिच्यात मोठाले धोंडे, पायाखाली हलणारा सुटा दगड आणि मध्येमध्ये उभे कातळटप्पे आहेत. बहुतेक गिर्यारोहक ही वाट चढण्यासाठी निवडतात आणि त्यामागे नुसता रिवाज नाही. चढताना पुढची खाच डोळ्यांसमोर असते, तर उतरताना पाय कुठे टेकायचा हे फुगलेल्या सॅकमुळे धड दिसतही नाही. शिवाय मागच्याच्या पायाखालून निसटलेला दगड पुढच्याच्या डोक्यावर येतो आणि घळ इतकी चिंचोळी आहे की बाजूला सरकण्यास जागा नसते. दोन दिवस चालून सैल पडलेल्या गुडघ्यांनी, पाठीवर ओझे घेऊन ही वाट उतरण्याचा सल्ला मी अनुभवी चमूलाही देणार नाही. नळी करायचीच असल्यास ती स्वतंत्र मोहीम म्हणून, हलकी सॅक, हेल्मेट, दोर आणि दोर हाताळता येणारी दोन माणसे घेऊन, बेलपाड्याहून चढावी.

तिसऱ्या दिवशी आपण तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरावे. याही वाटेवर एक कातळटप्पा आहे व तेथे लोखंडी कठडे बसवलेले आहेत. कठड्याला हात लावावा, पण अंगाचा सगळा भार त्यावर टाकू नये, कारण ऊन-पाऊस खाल्लेले लोखंड वरून शाबूत दिसले तरी बुडातून सुटलेले असू शकते. खिरेश्वरहून खुबी फाट्यावर आल्यावर माळशेज घाटातून कल्याणकडे जाणारी वाहने मिळतात, म्हणजे डोंबिवली गाठणेही सोपे जाते.

आता दुसरा दिवस. आपल्या बेतातील खरी अडचण येथे आहे आणि ती थंडीची नसून उजेडाची आहे. डिसेंबरअखेरीस या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाती अकरा तास येतात, आणि झाडीतल्या उतारावर व कड्यांच्या सावलीत अंधार त्याच्याही अर्धा तास आधी उतरतो. भरल्या सॅकने रतनगडाच्या शिड्या उतरून, कात्राबाईची खिंड चढून कुमशेतला पोचण्यास पाच-सहा तास, कुमशेतहून पाचनईला तीन-चार तास आणि पाचनईहून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिरापर्यंत आणखी दोन-अडीच तास असा हिशेब मी करतो. जेवणाचा आणि चुकलेल्या वाटेचा वेळ धरला, तर हा दिवस मावळण्यापूर्वी संपत नाही. म्हणून दिवसाचे नियोजन सकाळपासून पुढे न करता सूर्यास्तापासून मागे करावे: पाच वाजता जेथे पाठ टेकायची ती जागा आधी ठरवावी आणि तेथून मागे मोजत निघण्याची वेळ काढावी. दुसरा मुक्काम पाचनईत करून तिसऱ्या दिवशी पहाटेच गड चढल्यास कोकणकडा व केदारेश्वराची गुहा पाहून दुपारनंतर खिरेश्वरची वाट धरता येते, अर्थात तो दिवसही लांबतोच. चौथा दिवस काढता आल्यास दुसरा मुक्काम कुमशेतला आणि तिसरा गडावर करावा. माझा कौल त्याच बाजूने आहे.

कात्राबाईची खिंड ओलांडली की आपण प्रवरेचे खोरे सोडून मुळेच्या खोऱ्यात उतरतो. खिंडीच्या दोन्ही अंगांना दाट झाडी आहे आणि तेथे वाटेला फाटे फुटतात ते गुरांमुळे. ढोरवाट सुरुवातीला मुख्य वाटेपेक्षाही रुंद व मळलेली दिसते आणि शे-दोनशे पावलांनी कारवीच्या जाळीत विरून जाते. एका हिवाळ्यात अशाच वाटेला भुलून आम्ही तिघांनी खिंडीखालच्या ओढ्यात उजाडेपर्यंत बसून काढले होते. गावाचे दिवे समोर दिसत होते, पण मधल्या उतारावर अंधारात पाय टाकण्याची कोणाचीच छाती झाली नाही, आणि आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो. आपणांपैकी कोणी ही वाट पूर्वी केली नसल्यास रतनवाडीतून वाटाड्या घ्यावा. मोबाइलमधील नकाशा आधीच उतरवून ठेवावा, पण त्याच्या भरवशावर वाटाड्या टाळू नये.

हिवाळ्यातील वाटांचा आणखी एक गुण असा की पावसाळ्यात वाढलेले गवत आता वाळून आडवे झालेले असते. ते वाटेची कड झाकते, त्यामुळे पाऊलवाट जेथे संपते असे वाटते त्याच्या वीतभर अलीकडेच ती संपलेली असते. वाळक्या गवतावरून बूट सटकतो, सकाळी दवाने ते अधिकच निसरडे होते, आणि गवत संपले की मुरमाड घसारा लागतो. म्हणून आडव्या, एका अंगाला दरी असलेल्या टप्प्यांवर पहिल्या उन्हात दव वाळू द्यावे आणि मगच पाऊल घालावे. आधारासाठी कारवीची काठी पकडण्याचा मोह होतो. वाळलेली कारवी हाताच्या एका हिसक्यात मोडते. बुडापाशी एकदम चार-पाच काठ्या धरल्यास थोडा जोर मिळतो, तोही तोल सावरण्यापुरताच.

पाण्याविषयी थोडक्यात: पावसानंतर वाहणारे ओढे डिसेंबरात बरेचसे आटलेले असतात, तेव्हा नकाशावर निळी रेघ आहे म्हणून तेथे पाणी आहे असे धरून चालू नये. रतनगडावरील टाक्यांपैकी कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे आहे हे रतनवाडीतच विचारावे आणि ते उकळून किंवा गाळून घ्यावे. निघताना प्रत्येकी 3 लीटर पाणी जवळ असावे. याचा अर्थ 3 किलो वजन पाण्याचेच झाले, म्हणून पाण्यासकट सॅक 12 किलोंच्या आत आणावी. तिसरी पँट, काचेच्या बरण्या, प्रत्येकाचे वेगळे भांडे हे सर्व घरी ठेवण्यासारखे आहे. मॅट सॅकच्या बाहेर आडवी बांधू नये. ती उभी बांधावी किंवा आत गुंडाळावी. कड्याच्या कडेने जाताना आडवी मॅट खडकाला धडकते आणि माणूस दरीच्या बाजूला ढकलला जातो. ही चूक दरवर्षी कोणीतरी करताना दिसतेच.

हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशनाक्यावर नोंद करावी, मुक्कामाविषयीचे त्या वेळचे नियम तेथेच विचारावेत आणि शेकोटीचा बेत सोडून द्यावा. वाळक्या गवतात एक ठिणगी पुरेशी असते आणि वणवा वाऱ्याबरोबर डोंगर चढतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी रतनगडाच्या शिडीवर मी मध्येच थिजले, हात सुटेनात आणि पाय उचलेना. मैत्रिणींनी कसेबसे वर नेले. आता त्या पुन्हा बोलावत आहेत. दृष्टिभय, म्हणजे उंचावरून खाली पाहताना वाटणारी भीती, घालवता येते का? बाजारातून दोर विकत घेऊन जवळ ठेवला तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दृष्टिभय पूर्णपणे घालवण्याची गरज नाही, दरी पाहून सावध होणे हे शरीराचे शहाणपणच आहे. प्रश्न ते हाता-पायांत उतरू न देण्याचा आहे. शिडीवर तोंड कातळाकडे ठेवावे, दोन हात व दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवावा, नजर पुढच्या पायरीवर असावी. एका शिडीवर एकच जण, हा नियम मैत्रिणींनी पाळायला हवा, कारण खालून कोणीतरी चढू लागले की शिडी हलते आणि आपली घाबरगुंडी तेथूनच सुरू होते. सॅक दुसऱ्या कोणी वर नेली तरी त्यात कमीपणा मानू नये. थिजल्यासारखे वाटल्यास कोपरे शिडीत अडकवून दहा श्वास घ्यावेत. त्या वेळी वरून ओरडल्या जाणाऱ्या सूचनांचा उपयोग होत नाही, एकीनेच आणि शांतपणे बोलावे. आधी एखाद्या प्रस्तरारोहण शिबिरात दोन दिवस घालवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे, कारण तेथे दोरावर लटकून पाहिले की हातांचा विश्वास परत येतो.

दोराविषयी मात्र सावध करतो. किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानातील नायलॉन दोर कपडे वाळत घालण्यास ठीक आहे, पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी नव्हे. प्रस्तरारोहणाचा दोर पडण्याचा झटका ताणला जाऊन शोषून घेतो आणि तरीही तो नुसता हातात धरण्यासाठी नसतो. हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), भक्कम अँकर (दोर बांधण्याचा पक्का आधार) आणि बिले देणारी, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारी, शिकलेली व्यक्ती नसल्यास तो दोर खोटा धीर देतो, आणि खोट्या धीराने माणूस जेथे जाऊ नये तेथे जातो.

प्रश्न : गडमाथ्यावर थंडी किती असते? स्लीपिंग बॅगवर दोन-तीन वेगवेगळी तापमाने लिहिलेली असतात, त्यांतले कोणते पाहावे? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते आणि हरिश्चंद्रगड सुमारे 1400 मीटर उंच आहे, त्यामुळे कोकणातील रात्रीपेक्षा माथ्यावर आठ-नऊ अंश कमी धरावेत. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा जड होऊन खोऱ्यात साचते, म्हणून पाचनईच्या अंगणात पहाटे गडावरच्यापेक्षा अधिक हुडहुडी भरू शकते. माथ्यावर छळतो तो वारा, विशेषतः कोकणकड्याच्या बाजूला. बॅगवरील ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा जीव वाचण्याचा आहे, झोप लागण्याचा नव्हे; ‘कम्फर्ट’ हा आकडा पाहावा आणि सह्याद्रीसाठी तो 5 अंशांच्या आसपास असला तरी पुरतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट खाली आहे: कातळाची गुहा अंगाखालून ऊब ओढून घेते, त्यामुळे चांगली बॅग आणि पातळ चटई यांपेक्षा साधी बॅग आणि जाड फोम मॅट बरी. चढताना घामाने भिजलेला शर्ट मुक्कामाला पोचताच बदलावा. अंग गरम आहे तोवर त्याची गरज वाटत नाही, आणि वाटू लागते तेव्हा कुडकुडणे सुरू झालेले असते. मोबाइल व बॅटरी रात्री बॅगेतच घेऊन झोपावे. गॅसचे डबे रेल्वेने नेण्यास मनाई आहे, त्यामुळे ते प्रवासाच्या शेवटी, पायथ्याजवळच्या मोठ्या गावातून घ्यावेत.

प्रश्न : याच सुटीत अलंग-मदन-कुलंग दोराविना, दोन दिवसांत होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. इंग्रजांनी 1818 नंतर या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने फोडल्या. अलंग आणि मदन यांच्या वाटेवरील कातळटप्पे दोर, साधने आणि ती वापरू शकणारा म्होरक्या यांच्याशिवाय करू नयेत. कुलंग मात्र दोराविना होतो. त्यासाठी आंबेवाडीऐवजी कुरुंगवाडीहून उजाडताच निघावे, कारण चढ चार-पाच तासांचा आहे. माथ्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत, तरी चढाईपुरते पाणी खालूनच भरून घ्यावे.