होंडा एस२०००चा वारस कसा हवा?

प्रश्न : मी नागपूरच्या धरमपेठेत राहतो, वय ५२. होंडा एस२००० या उघडणाऱ्या छताच्या स्पोर्ट्स कारवर तरुणपणापासून जीव आहे. तिचा वारस कधी आलाच तर तो टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा) किंवा हायब्रीड (इंजिनासोबत बॅटरी-मोटर असलेला) असेल, ही धास्ती वाटते. नेमकी काय अपेक्षा धरावी?

उत्तर : भाऊ, तुमची धास्ती मला कळते. सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडून घेतलेल्या मासिकातला तिचा फोटो माझ्या कपाटाच्या दारावर आतून अजून चिकटवलेला आहे. १९९९ साली आलेली ही गाडी! दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, तरी सुमारे २४० अश्वशक्ती, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला ९,०००पर्यंत चढणार. सहा हजारांच्या आसपास व्हीटेकचे (झडपांची उघडझाप बदलणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचे) मोठे कॅम, म्हणजे झडपा जास्त उघडणारे उंचवटे, लागू झाले की इंजिनाचा सूरच बदलायचा.

तसंच इंजिन पुन्हा मागू नका. २००९मध्ये उत्पादन थांबलं, त्यानंतर धुराचे आणि आवाजाचे नियम फार कडक झालेत. टर्बो मी पत्करीन. वजनावर मात्र हटून बसा. जुनी साधारण साडेबाराशे किलोंची होती, आणि हायब्रीडची बॅटरी नेमका तिथेच घाला घालते. इंजिन पुढच्या चाकांच्या आसामागे, ताकद मागच्या चाकांना, हातात सहा गिअरचा छोटा दांडा, पायाशी क्लच. एवढं मिळालं तर ती एस२०००ची लेक.

छत कापडीच हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५वर जातो हे खरं, पण पहाटे पाचला वर्धा रोडवर ते उघडून बघायचंय मला.